शेवटचा बॉल कुणाचा?

नलू गेल्याची बातमी माझ्यापर्यंत आली ती 'मॅडम अजून आल्या नाहीत' अशी. सकाळची वेळ होती. रावेतच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी मेथी निवडत बसले होते आणि फोनवर प्राची होती. प्राची म्हणजे नलू जिथे कोच होती त्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन, पुनावळ्याची पोरगी. एरवी हिचा आवाज फोन कानापासून लांब धरून ऐकावा लागतो, त्या दिवशी ती चाचरत होती. काकू, आम्ही सगळ्या ग्राउंडवर आलोय, मॅडम आल्या नाहीत, फोनही उचलत नाहीत, असं म्हणाली. मी तिलाच झापलं. म्हटलं, माणसाला एखाद्या दिवशी उशीर होत नाही का, स्पाइन रोडला ट्रॅफिक लागला असेल, तुम्ही तोवर ग्राउंडला चकरा मारा. फोन ठेवला, मेथीच्या दोन काड्या खुडल्या आणि हात थांबला. नलिनी येळवंडेला उशीर? ट्रॅफिक लागेल म्हणून ट्रॅफिकच्याही आधी घरातून निघणारी बाई ती...

चिखलीच्या तिच्या फ्लॅटवर पोहोचले तेव्हा शेजाऱ्यांनी दार उघडून घेतलेलं होतं. ती एकटीच राहायची. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, ट्रॅकपँट, टी-शर्ट, गळ्यात तिने कधीच न वाजवलेली शिट्टी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. जमलेल्या बायका पुण्यवान पुण्यवान म्हणून कुजबुजत होत्या. मी गॅसकडे बघत होते. गॅसवर दुधाचं पातेलं होतं, दूध काठापर्यंत वर आल्याची खूण होती आणि बटण बंद केलेलं होतं. म्हणजे बाईने आधी गॅस बंद केला, मग खुर्चीत बसली आणि मग गेली. मरता मरता दूध उतू जाऊ दिलं नाही. मला रडू यायला हवं होतं, पण मला तिचा राग आला. एवढी शुद्ध होती तर फोन करायला काय झालं होतं? तेव्हापासून माझं कशातच धड चित्त नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी नलूवर लिहा, असं सांगितलं गेलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण तिला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही असं मला वाटत होतं. लिहायला बसेपर्यंत तेही वाटेनासं झालं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमची ओळख कॉलेजच्या पहिल्या वर्षातली. मी पिंपरीच्या कामगार वसाहतीत वाढले. वडील रत्नागिरीकडून कंपनीत लागलेले, त्यामुळे घरात बोलणं कोकणी वळणाचं आणि बाहेर सगळं मिश्र. नलू चाकणजवळच्या खेड्यातली. तेव्हाचं चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, आताचे कारखाने कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ती एसटीने यायची, अंगाला कांद्याचा वास यायचा आणि वर्गात मागच्या बाकावर बसूनही पुढच्यांपेक्षा उंच दिसायची. आमच्या खेळाच्या सरांनी तिला जिन्यात थांबवून विचारलं, बास्केटबॉल खेळतेस का? ती म्हणाली, तो कसा असतो? सरांनी तिला कोर्टवर उभं केलं, बॉल हातात दिला आणि लोखंडी रिंग दाखवून म्हणाले, यातून खाली पाडायचा. तिने रिंगकडे बघितलं, बॉलकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आन् खाली पडल्यावर उचलायचा कुनी?" अख्खी टीम हसली. मला मात्र तो प्रश्न पटला, कारण टीममधली सगळ्यात बुटकी मी, आणि बॉल उचलून आणायचं काम माझंच होतं.

घरी तिने कांद्याच्या वखारीच्या भिंतीवर बूड गेलेली पाटी ठोकून घेतली होती आणि संध्याकाळी गुरं आत घेतल्यावर त्या पाटीत बॉल टाकत राहायची. वखारीची भिंत चांगली जाड असल्याने तिचा नेम कायम भिंतीवर आपटून आत येणारा झाला. पुढे मोठमोठ्या मैदानांवरही तिचा शॉट डावीकडून, बोर्डवर आपटून, मुकाट आत जायचा. हाफ पँटचा प्रश्न निघाला तेव्हा तिच्या आईने टीमच्या पँटला खालून त्याच रंगाचं कापड जोडून ती गुडघ्याच्या खाली आणली आणि वडिलांना सांगितलं की पोरींचा ड्रेसच तसा आहे. पहिल्या मॅचला ते बघायला आले. एकट्या आपल्या लेकीची पँट लांब का, हे त्यांनी विचारलं नाही. रामदासदादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो मात्र बरेच दिवस धुसफुसत होता, पण वखारीवरची पाटी वाऱ्याने पडली की परत ठोकायचा तोच.

पदवी झाल्यावर आम्हा दोघींना खेळाच्या कोट्यातून पिंपरीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. आमच्यासोबत हेमाही लागली, भोसरीची, टीममधली तिसरी. आम्ही तिघी स्टोअरमध्ये. दुपारनंतर प्रॅक्टिससाठी सुटी मिळायची आणि बाकीच्या बायका आमच्याकडे बघून नाकं मुरडायच्या, चालल्या चेंडू उडवायला म्हणून. नलूला त्याचं काही नसायचं. उलट ती जाताना त्यांच्यातल्या एखादीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि ती बाई दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी डब्यात जास्तीची भाजी आणायची. काय बोललीस, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काई न्हाई." ही तिची जन्माची खोड. चार लोकांत तोंड उघडायची नाही. सगळं महत्त्वाचं बोलणं एकेकाला गाठून, शर्टाची मागची बाजू धरून, कानात.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्टही तिने मला अशीच सांगितली. कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल होती. आम्ही एका पॉइंटने मागे, वेळ संपत आलेली. नलू आमची कॅप्टन. तिने टाइमआउट मागितला. कोच सर खडूने जमिनीवर बाण काढत होते आणि नलूने मागून माझी जर्सी ओढली. म्हणाली, "कुंदे, शेवटचा बॉल तुझा. कुनाला बोलू नको."

मी म्हटलं, वेड लागलंय का, माझी शूटिंग तू बघितली आहेस ना?

"बघितलीय," ती म्हणाली आणि कोर्टवर निघून गेली.

मग जे झालं ते मी इतक्यांदा सांगितलंय की हल्ली माझी सूनच वाक्य पुरं करते. बॉल नलूकडे, डावीकडे, तिच्या हक्काच्या जागेवर. समोरच्या टीमच्या दोघी तिच्या अंगावर. अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं की आता ती बोर्डवर मारणार. ती उडाली, हात वर गेले आणि हवेतून तिने बॉल माझ्याकडे दिला. मी टाकला. तो रिंगवर बसला, गोल फिरला, थांबला असं वाटलं... आणि आत गेला. कंपनीत पेढे वाटले. मॅचला कधी न आलेल्या माझ्या वडिलांनी वसाहतीत घरोघर जाऊन सांगितलं. मी पुढे कधी मोठी खेळाडू झाले नाही, कंपनीतही स्टोअरमध्येच राहिले, हुद्दा मिळण्याची वेळ आली तेव्हा नेहमी दुसऱ्या कुणाला मिळाला. पण मनात कुठेतरी ते 'बघितलीय' होतं. नलूने मला बघितलं होतं, आणि सगळ्यांतून मला निवडलं होतं. बाईमाणसाला उभ्या आयुष्यात असं कितीदा होतं? मला एकदा झालं होतं आणि त्यावर माझं भागत होतं.

पुढे कंपनीने खेळांवरचा खर्च कमी केला, बायकांची टीम बंद झाली. हेमा आणि मी संसारात अडकलो, नोकरी चालू ठेवली. नलूने लग्न केलं नव्हतं. तिने कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आकुर्डीच्या एका कॉलेजात मुलींची कोच म्हणून लागली. पगार ऐकून मी तिला मूर्खात काढलं होतं. पहिल्या वर्षी तिच्याकडे पाच मुलीसुद्धा धड नव्हत्या, एक आजारी पडली की कॉलेजच्या लायब्ररीतल्या मुलीला ओढून आणायची. मग तिने घरं पालथी घालायला सुरुवात केली. चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच जमिनी तोवर कारखान्यांना गेल्या होत्या. गावातली माणसं सकाळी शेतावर आणि दुपारी कंपनीत अशी दोन्हीकडे राबत होती, लातूर-बीडकडून आलेली कुटुंबं चाळीतल्या एका खोलीत राहत होती. त्यांच्या मुलींनी कॉलेज सुटल्यावर बॉल घेऊन पळायचं, हे कुणाच्या गळी उतरणार? एकदा मी तिच्याबरोबर अशा एका घरी गेले होते. मुलीचा बाप रात्रपाळी करून झोपलेला, आई कावलेली. मला वाटलं आता नलू भाषण देणार. तिने चहा घेतला, कांद्याला यंदा भाव काय आहे ते विचारलं, म्हशीच्या आजारावर एक पाला सांगितला. बास्केटबॉल हा शब्दसुद्धा काढला नाही. निघताना मात्र त्या आईला जरा बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी ग्राउंडवर. तीच वैष्णवी. आज टीममध्ये सगळ्यात चपळ.

तिच्या कोचिंगबद्दल मला खरं तर नीट सांगता येत नाही, आणि इथेच माझा गोंधळ सुरू होतो. इतर कोच बाजूला उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडतात. ही हाताची घडी घालून बसायची. कधी वाटायचं हिचं लक्षच नाही. एका मुलीला सांगायची की बोर्डवर मार, दुसरीला सांगायची की बोर्डकडे बघूसुद्धा नको. एकीला म्हणायची जास्त धाव, दुसरीला म्हणायची जरा उभी राहायला शिक. मी म्हणायचे, अगं, हे काय चाललंय, त्या आपापसात बोलल्या तर? ती म्हणायची, "बोलू दे की." तिच्या मुली जिंकायच्या आणि हरायच्याही, फार मोठ्या ट्रॉफ्या तिच्या नावावर नाहीत. पण तिच्या हाताखालून गेलेली मुलगी रस्त्यात भेटली की ओळखू यायची. बँकेच्या काउंटरवर असो की कंपनीच्या लाइनवर, ताठ मान आणि डोळे तुमच्यावर, आता बॉल हिच्याकडेच येणार आहे अशी.

शेवटची भेटली ती जाण्याच्या आठवडाभर आधी, ग्राउंडवरच. म्हणाली, कुंदे, एखाद्या मॅचला बेंचवर येऊन बस ना माझ्याजवळ. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, बेंचवर बसायचंय, बेंच उचलायचा नाही. त्यावर आम्ही भेळ खाल्ली आणि मी बसने घरी आले. एवढंच. शेवटची भेट आहे हे माहीत असतं तर काहीतरी बरं बोललो असतो की नाही, कुणास ठाऊक.

दहावा आळंदीला केला, इंद्रायणीच्या घाटावर. आमच्या भागात दशक्रियेला गर्दी फार. प्रवचन होतं, माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि मेलेल्या माणसाला आयुष्यात कधी न भेटलेले लोक त्याच्या आठवणी सांगतात. नलूचं सगळं रामदासदादाने केलं. पिंडाशेजारी भाकरी, ठेचा, चहाचा कप ठेवला, मुलींनी ग्लुकोजचं पाणी आणि केळं ठेवलं. आणि कावळा येईना. घाटाच्या कठड्यावर चांगले पाच-सहा बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण एकही खाली उतरेना. असं झालं की जवळच्यांनी पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो, म्हणजे त्याचा अडकलेला जीव सुटतो आणि कावळा शिवतो. दादा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "नले, पोरींची काळजी करू नगं. आमी हाय." काही नाही. वहिनी पुढे झाल्या. काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, टीमच्या पोरींना पुढं घ्या, हिचा जीव तिथं असंल.

प्राची पुढे गेली. डोळे मिटून, हात जोडून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मॅडम, काळजी करू नका. तुम्ही मला म्हणाला होतात तसं, शेवटचा बॉल मीच टाकीन."

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या वैष्णवीने झटकन मान वर केली. म्हणाली, "त्ये मला म्हनल्या व्हत्या."

प्राची म्हणाली, तुला कसं म्हणतील, मला म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नको म्हणाल्या होत्या. वैष्णवी म्हणाली, मला बी तेच म्हनल्या, कुनाला सांगू नगं. तेवढ्यात मागून अजून एक मुलगी, जी कधी बेंचवरून उठलेली मी पाहिली नाही, ती अगदी हळू म्हणाली की तिलासुद्धा. मग सगळ्यांचीच तोंडं उघडली. एकेकीला, शर्ट धरून, कानात, शेवटचा बॉल तुझा. नदीच्या काठावर, पिंडाच्या समोर, पाहुण्यांच्या देखत त्या पोरी भांडू लागल्या, दादा कपाळाला हात लावून बसला, गुरुजी घड्याळ बघायला लागले आणि या सगळ्या गलक्यात कावळा कधी खाली उतरला आणि पिंड घेऊन कधी उडाला, कुणी पाहिलंच नाही. कुणाच्या शब्दावर शिवला ते आजही कुणाला माहीत नाही. प्राचीला वाटतं तिच्या, वैष्णवीला वाटतं तिच्या.

मला हसू येत होतं. खरंच येत होतं, कारण मला वाटलं, या पोरींना नलू गमतीत म्हणाली असेल, पण माझी गोष्ट वेगळी. मी हेमाच्या कानाशी वाकून म्हटलं, बघितलंस, मला म्हणाली होती तेच पोरींनाही म्हणत होती. हेमा नदीकडे बघत होती. म्हणाली, मलापण म्हणाली होती. मी विचारलं, कधी? ती म्हणाली, त्याच मॅचला, त्याच टाइमआउटमध्ये. मग जेवणाची पंगत बसली म्हणून ती उठून गेली आणि मी घाटाच्या पायरीवर तशीच बसून राहिले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगू. मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवसांत आमच्या घरातली स्वच्छ भांडीसुद्धा मी परत घासली. म्हणजे मला निवडलं नव्हतंच? माझ्याकडे बॉल आला तो मी समोर दिसले म्हणून, हेमा दिसली असती तर हेमाकडे गेला असता? तेव्हा हेमा कुठे उभी होती, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवेना. त्या क्षणाच्या माझ्या आठवणीत हेमा नाहीच. फक्त नलू, बॉल आणि मी. माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, बास्केट झाली ना? कप मिळाला ना? मग आता काय? पुरुषांना काही सांगण्यात अर्थ नसतो. मला बास्केटचं काही नव्हतं. मला एवढंच विचारायचं होतं की नले, तू माझ्याशी खोटं बोललीस का? आणि जिला विचारायचं तिच्या खांद्याला धरून हलवायची सोय राहिली नव्हती. कधी वाटायचं, गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारी बाई होती ती, आणि पुढच्याच क्षणी असं वाटल्याची लाज वाटायची. मी तिच्यासाठी रडायचं की तिच्याशी भांडायचं, हेच ठरत नव्हतं.

तिकडे टीमचं त्याहून वाईट चाललं होतं. प्राची वैष्णवीला पास देईना, वैष्णवी प्राचीकडे बघेना. कॉलेजच्या खेळाच्या सरांचा फोन आला. आंतरमहाविद्यालयीन मॅच तोंडावर आली होती, नवा कोच मिळेपर्यंत बेंचवर कुणीतरी मोठं माणूस हवं होतं आणि मुली तुमचंच नाव घेतात, असं ते म्हणाले. मी नाही म्हणणार होते. पण बेंचवर बसायचंय, उचलायचा नाही, असं कुणीतरी कानात म्हटल्यासारखं झालं आणि मी गेले.

मॅचमध्ये मी काय केलं असेल तर घाम पुसला आणि पाण्याच्या बाटल्या दिल्या. मुली छान खेळत होत्या, पण दोघींचं एकमेकींशी वैर समोरच्या टीमलाही कळलं होतं. तरी कशाबशा लढत राहिल्या. शेवटी आम्ही एका पॉइंटने मागे, काही सेकंद उरलेले आणि सर मला खुणावतात की टाइमआउट घ्या. मी घेतला. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. त्यांना एकच विचारायचं होतं, तोंडाने कुणी विचारलं नाही. शेवटचा बॉल कुणाचा? मी काहीतरी सर्वसाधारण बोलले, शांत राहा, फाउल करू नका वगैरे. मग प्राची बूट बांधायला वाकली आणि मी तिच्याकडे बघितलं. ओठ चावून चावून रक्त आलं होतं. मला इतकं आतून वाटलं की हीच टाकेल, हिच्याशिवाय कुणाला जमणार? मी तिची जर्सी मागून धरली आणि म्हटलं, शेवटचा बॉल तुझा. तिने मान हलवली. मी वळले तर मागे वैष्णवी बाटली तोंडाला लावून उभी. गुडघे सोललेले, दम लागलेला, पण डोळे बाटलीच्या वरून रिंगकडे. आणि तसंच, तेवढंच आतून वाटलं. मी तिच्या कानाशी गेले आणि तेच म्हटलं. हे मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. मी मनात चाचपून पाहिलं, की बाई, तू आत्ता खोटं बोललीस का? तर नाही. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही.

बॉल प्राचीकडे आला. तिच्यासमोर एकटीच मुलगी होती, टाकता आला असता. तिने वर बघितलं, हात उचलले आणि मध्येच वैष्णवीकडे पास दिला. इतक्या दिवसांतला पहिला. वैष्णवीने टाकला. रिंगला लागून बाहेर आला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

कुणी रडलं नाही, याचं मला नवल वाटलं. प्राची माझ्याजवळ आली, जरा गोंधळलेलीच. म्हणाली, "काकू, तुम्ही मला सांगितलं होतंत ना, माझा म्हणून?"

"हो."

"मग मी तिला का दिला?"

मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. शेजारी वैष्णवी पायातले बूट काढत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "मी उभीच तशी व्हते. मला ठावं व्हतं, येनार म्हून." मग तिने हळूच मान वर केली, प्राचीने तिच्याकडे बघितलं, दोघींनी मिळून माझ्याकडे बघितलं. "काकू, तुमी बी?" वैष्णवी म्हणाली. मी माझ्या चपला शोधायला लागले, ज्या माझ्या पायातच होत्या.

घरी जाताना रिक्षात बसले आणि हेमाला फोन लावला. आळंदीनंतर आम्ही बोललो नव्हतो. मॅचचं सांगितलं, हरलो ते सांगितलं. रिक्षावाल्याने गाडी सर्व्हिस रोडला घेतली. मी म्हटलं, "हेमा, नलू तुला म्हणाली होती ते खोटं नव्हतं गं. बॉल तुझ्याकडेही आला असता."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आला असता तरी माझा आत गेला नसता," हेमा म्हणाली. आणि मग, "पण कुंदा, मी उजव्या कोपऱ्यात होते. मोकळीच होते गं मी. तयार होते."